अर्धवट गोष्टींचा विभाग

७ मार्च २००३ रोजी टोरोंटोच्या पूर्वेला, स्कारबरो भागातल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात चाळिशीतला एक माणूस आला. ताप, खोकला, धाप. दोनच दिवसांपूर्वी त्याची आई घरीच वारली होती. ती फेब्रुवारीत हाँगकाँगला जाऊन आली होती, पण वय झालेल्या बाईच्या मृत्यूत कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मुलाला दाखल करून घ्यायचं ठरलं, मात्र वॉर्डात खाट रिकामी नव्हती. म्हणून तो रात्रभर आपत्कालीन विभागातच राहिला. मध्ये पडदा, पडद्यापलीकडे दुसरे रुग्ण. श्वास मोकळा व्हावा म्हणून त्याला नेब्युलायझर लावला गेला. अशा वेळी रुग्णाच्या श्वासातले सूक्ष्म थेंब आसपास पसरतात. त्या थेंबांत काय आहे हे त्या रात्री जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. सार्स हे नाव पडायला अजून आठवडा होता.

१३ मार्चला तो माणूस गेला. तोवर शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांना आणि रुग्णालयातल्या काही कर्मचाऱ्यांना लागण झाली होती. पुढच्या काही महिन्यांत ऑन्टॅरिओ प्रांतात सार्सच्या निश्चित आणि संशयित रुग्णांचा आकडा ३७५ वर गेला, त्यांतले ४४ दगावले. बाधितांपैकी निम्म्याच्या जवळपास लोक आरोग्य कर्मचारी होते. दोन परिचारिका आणि एक डॉक्टर प्राणाला मुकले. ज्यांचा संसर्गाशी संपर्क आला होता अशा अनेक परिचारिकांना 'कामापुरतं विलगीकरण' सांगितलं गेलं. घरातून रुग्णालयात, रुग्णालयातून घरी. घरातही वेगळी खोली, तोंडावर मास्क, मुलांना जवळ घ्यायचं नाही. सतरा वर्षांनी मुंबई-पुण्याच्या सिस्टरांनी हेच दिवस काढले, तेव्हा जगाला ते अगदी नवं वाटलं. टोरोंटोच्या परिचारिकांना ते नवं नव्हतं.

महामारी ओसरल्यावर या माणसांच्या मनाचं काय होतं, या प्रश्नाचा विचार टोरोंटोपासून सुरू करण्याचं कारण साधं आहे. तिथे साथ लवकर आटोक्यात आली आणि संशोधकांना 'नंतर'कडे पाहायला वेळ मिळाला. कोविडचा 'नंतर' अजून चालूच आहे.

आपत्कालीन विभागातल्या परिचारिकेचं काम रुग्णालयातल्या इतर सिस्टरांपेक्षा वेगळं असतं. वॉर्डातल्या सिस्टरला रुग्ण दिवसेंदिवस दिसतो. त्याची जखम भरताना दिसते, त्याची बायको डबा घेऊन येते, डिस्चार्जच्या दिवशी कुणीतरी पेढे ठेवून जातं. गेलाच, तरी तो कसा गेला हे तिला माहीत असतं. आपण ज्याला सरसकट कॅज्युअल्टी म्हणतो, त्या विभागात माणूस तासभर असतो, दोन तास असतो. सिस्टर त्याची शीर शोधते, सलाइन लावते, ईसीजी काढते, कपडे कापते, नातेवाइकांना बाहेर थांबवते. मग मामा ट्रॉली ढकलत त्याला आयसीयूत किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात आणि त्या जागी पुढचा माणूस येतो. आधीच्याचं काय झालं हे तिला बहुधा कळतच नाही. तिच्या वाट्याला येतात त्या सगळ्या सुरुवाती. शेवट दुसऱ्या मजल्यावर होतात.

माझ्या मते या विभागातल्या मानसिक वाढीबद्दल बोलताना हीच गोष्ट सगळ्यात आधी लक्षात घ्यायला हवी. मन एखाद्या भयंकर अनुभवातून वर येतं ते त्या अनुभवाची सलग गोष्ट लावून: आधी काय होतं, मग काय घडलं, त्यानंतर मी कशी झाले. ज्या ठिकाणी प्रत्येक गोष्ट मध्येच तुटते, तिथे ही जुळणी एकटीने करणं फार अवघड जातं. महामारीत तर ती तुटण्याची गती कित्येक पटींनी वाढली.

एप्रिल २०२१ मधल्या कुठल्याही मोठ्या कॅज्युअल्टीचं टेबल डोळ्यांसमोर आणा. दाखल होणाऱ्या माणसाच्या अंगावरच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या: मंगळसूत्र, घड्याळ, चष्मा, मोबाइल. पिशवीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं नाव. नातेवाईक फाटकाबाहेर, त्यांना आत यायची मुभा नाही. पिशवीतला फोन वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. पडद्यावर 'घर' किंवा 'आई' अशी अक्षरं. सिस्टरच्या अंगात पीपीई, हातात मोज्यांच्या दोन जोड्या, चष्म्यावर आतून वाफ. तिच्या पाठीवर मार्करने तिचं नाव लिहिलेलं, कारण त्या पोशाखात सहकाऱ्यांनाही कोण कोण ते ओळखू येत नाही. समोरच्या माणसाचं सॅचुरेशन साठ-सत्तरच्या घरात, आणि ऑक्सिजनचा पॉइंट कुणाचा काढून कुणाला लावायचा हा प्रश्न. तो फोन ती घेऊ शकत नाही. त्या वाजत्या फोनचं पुढे काय झालं, हे विचारायलाही नंतर कुणी उरत नाही.

अशा अनुभवानंतर वाढ होते, असं म्हणायला जीभ अडखळते. अडखळायलाच हवी. म्हणून आधी नुकसानीचा हिशेब.

टोरोंटोतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्सनंतर १३ ते २६ महिन्यांनी ७६९ रुग्णालय कर्मचाऱ्यांची पाहणी केली. त्यांतले काही टोरोंटोच्या सार्स हाताळलेल्या रुग्णालयांतले होते, तर काही जवळच्याच हॅमिल्टन शहरातले, जिथे सार्सचे रुग्ण नव्हते. काम तेच, पगार साधारण तोच, फरक फक्त साथीचा. हॅमिल्टनमध्ये कामाने पुरते शिणून गेलेले लोक शंभरात एकोणीस होते, टोरोंटोत तीस. मानसिक त्रासाची लक्षणं हॅमिल्टनमध्ये शंभरात तीस जणांत आढळली, टोरोंटोत पंचेचाळीस जणांत. साथ संपून वर्ष-दोन वर्षं उलटल्यावरही हा फरक टिकून होता. टोरोंटोतल्या अधिक जणांनी रुग्णांशी येणारा संबंध कमी करून घेतला होता, कामाचे तास कमी केले होते. विषय टाळणं, स्वतःला दोष देत राहणं, इतरांवर तुटून पडणं, या सवयी जिथे होत्या तिथे त्रास जास्त होता. पुरेसं प्रशिक्षण मिळालं, संरक्षणाची साधनं मिळाली आणि पाठीशी कुणीतरी उभं आहे असं ज्यांना वाटलं, त्यांचा त्रास कमी होता. या निष्कर्षाकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या शार्लट शहरातल्या विद्यापीठात रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून हे दोन मानसशास्त्रज्ञ शोकात बुडालेल्या माणसांसोबत वर्षानुवर्षं काम करत होते. पोरं गमावलेले आईबाप, नवरा गेलेल्या बायका. या माणसांच्या बोलण्यात एक गोष्ट त्यांना वारंवार ऐकू येई. दुःख ओसरलेलं नसतानाच ती माणसं सांगत, की आपण आता पूर्वीचे उरलेलो नाही आणि काही बाबतींत पूर्वीपेक्षा बरे झालो आहोत. टेडेस्की आणि कॅल्हून यांनी याला 'आघातोत्तर वाढ' असं नाव दिलं आणि १९९६ मध्ये ती मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानाला शून्य ते पाच गुण. विधानं पाच प्रकारची: माणसांशी असलेली जवळीक, स्वतःचं बळ, आयुष्याची किंमत, नव्या वाटा आणि आध्यात्मिक बदल.

यांतला शेवटचा प्रकार सगळीकडे सारखा बसत नाही. जपानमध्ये प्रश्नावली वापरली तेव्हा आध्यात्मिक बदल आणि आयुष्याची किंमत हे दोन्ही मिळून एकच खाना झाला. आपल्याकडे, जिथे औषधांच्या कपाटाशेजारी गणपती किंवा येशूची तसबीर असते आणि ड्यूटी सुरू करताना हात आपोआप जोडले जातात, तिथे हा खाना वेगळा काढणंच कठीण होईल असं मला वाटतं. नव्या वाटांचंही तसंच. काही जणी महामारीनंतर पुढचं शिक्षण घेतात, संसर्ग नियंत्रणाच्या कामात शिरतात. पण त्यासाठी वाट मोकळी असावी लागते, आणि ती बहुतेकींच्या हातात नसते.

परिचारिकांच्या बाबतीत खरी भर दिसते ती बळ आणि जवळीक या दोन ठिकाणी. बळ म्हणजे आता कशाचीच भीती उरली नाही असं नव्हे. टेडेस्की-कॅल्हून यांना भेटलेली माणसं एका दमात दोन गोष्टी सांगत: मला वाटलं होतं त्यापेक्षा मी फार लवकर मोडू शकते, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा फार जास्त सोसू शकते. कॅज्युअल्टीत हे बळ अगदी कामाच्या रूपात दिसतं. पूर्वी ज्युनिअर डॉक्टर चुकतोय असं दिसलं तरी गप्प बसणारी सिस्टर आता 'सर, एकदा डोस बघता का?' असं ठामपणे विचारते. रुग्ण सरळ बसून बोलतोय पण बोटाला लावलेलं यंत्र ऐंशी दाखवतंय, हे कोविडमध्ये डोळ्यांनी पाहिलेली सिस्टर आता चेहऱ्यावरून अंदाज बांधत नाही, आधी मोजते. नातेवाइकांना वाईट बातमी फोनवर कशी सांगायची हे तिला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं. आता तिला ती रीत येते: आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग रुग्णाचं, मग फोन धरलेलं माणूस बसलेलं आहे का ते विचारायचं.

जवळीक बहुतेक वेळा सोबत ड्यूटी केलेल्यांशी वाढते. ज्यांनी एकमेकींच्या पीपीईची चेन लावली, हॉस्टेलच्या एकाच खोलीत चौदा दिवस काढले, एकमेकींच्या मुलांना व्हिडिओ कॉलवर झोपवलं, त्यांच्यात एक वेगळं नातं तयार झालं. त्यात ब्रदर आले, सफाईच्या मावशी आल्या, वॉर्डबॉय आले. जातीची, पदाची, भाषेची अंतरं त्या पोशाखात काही काळ तरी पुसट झाली. घरच्यांशी मात्र कधी कधी उलटं होतं. घरी काय सांगायचं आणि कसं, हे न सुचल्याने अंतर वाढतं. वाढ एका नात्यात आणि तूट दुसऱ्यात, हे एकाच बाईच्या आयुष्यात एकाच वेळी घडू शकतं, आणि एकवीस विधानांच्या बेरजेत ते दिसत नाही.

चीनमध्ये पहिली लाट ओसरत होती तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, १२,५९६ परिचारिकांची एक पाहणी झाली. शंभरातल्या सुमारे तेरा जणींत आघाताची लक्षणं आढळली आणि एकोणचाळीस जणींनी स्वतःत वाढ झाल्याचं नोंदवलं. हा आकडा दिलासा देणारा आहे आणि म्हणूनच तो जपून वाचायला हवा. साथ सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन-चार महिने झाले होते. इतक्यात माणूस खरंच बदलतो, की आपण बदललो आहोत असं मानून तो तगून राहतो?

ही शंका जुनी आहे. २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझिअर आणि सहकाऱ्यांनी एक चांगली युक्ती केली. त्यांनी मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांची मोजमापं आधीच घेऊन ठेवली. नंतरच्या काही आठवड्यांत त्यांच्यापैकी काहींवर खरोखरच आघात झाले, तेव्हा तीच मोजमापं पुन्हा घेतली, आणि 'तुमच्यात किती वाढ झाली' हेही विचारलं. लोकांना आपल्यात वाटणारा बदल आणि मोजमापांत दिसणारा बदल यांचा एकमेकांशी फारसा मेळ बसला नाही. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे वाढ झाली असं ज्यांना वाटत होतं त्यांचा त्रास वाढलेला होता. ज्यांच्या मोजमापांत वाढ दिसली त्यांचा त्रास कमी झाला होता. जर्मन भाषेतून काम करणारे ताँया झोलनर आणि आंद्रेआस मेर्कर यांनी २००४ मध्येच सुचवलं होतं की वाढीला दोन तोंडं असतात. एक खऱ्या बदलाचं, दुसरं मनाची समजूत काढण्याचं. समजूत काढणं वाईट नाही, काही काळ तीच माणसाला उभं ठेवते. पण समजुतीलाच बदल मानलं की आतलं दुखणं तसंच राहतं.

या दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? सार्सनंतर हाँगकाँगमध्ये झालेल्या एका अभ्यासाचा मला इथे फार उपयोग वाटतो. बरे झालेले रुग्ण, त्यांचे घरचे आणि निरोगी नागरिक यांना विचारलं गेलं, की या साथीने तुमचं काय गेलं आणि तुम्हाला काय मिळालं. नंतर अठरा महिने त्यांच्याकडे लक्ष ठेवलं गेलं. फक्त मिळालं-मिळालं म्हणणाऱ्यांपेक्षा, काय गेलं आणि काय मिळालं या दोन्ही गोष्टी एकत्र सांगू शकणाऱ्यांची पुढची वाटचाल बरी निघाली. त्यांचा स्वतःवरचा विश्वास आणि माणसांचा आधार, दोन्ही वाढलेले दिसले. कॅज्युअल्टीतली एखादी सिस्टर 'मी पूर्वीपेक्षा खंबीर झाले' म्हणाली तर आनंद आहे. 'मी खंबीर झाले, पण सायरन ऐकला की अजून पोटात गोळा येतो आणि त्या एका रात्रीबद्दल मी कुणाला माफ करू शकत नाही' असं ती म्हणाली, तर तिच्या खंबीरपणावर माझा जास्त विश्वास बसेल.

टेडेस्की आणि कॅल्हून यांनी आघाताची तुलना भूकंपाशी केली होती. हादऱ्याने इमारत पडते आणि मग ती पुन्हा बांधताना आधीपेक्षा मजबूत बांधता येते. या मांडणीत एक गोष्ट अनेकदा वाचायची राहून जाते: हादरा बांधत नाही. बांधणी नंतर होते, आणि बांधणी म्हणजे विचार. सुरुवातीच्या आठवड्यांत विचार न बोलावता येतात: झोपेत, आंघोळ करताना, भाजी चिरताना तेच चेहरे, तोच आवाज. पुढे कधीतरी माणूस स्वतः होऊन त्या आठवणींपाशी बसतो आणि विचारतो, की माझ्या कुठल्या समजुतीला तडा गेला? सिस्टरच्या बाबतीत त्या समजुती ठरलेल्या असतात. मी नीट काम केलं तर माणूस वाचतो. मी रुग्णालयाची काळजी घेते तर रुग्णालय माझी घेईल. माझ्या कामामुळे माझ्या घरच्यांना इजा होणार नाही. महामारीने तिन्हींना धक्का दिला. त्यांच्या जागी काय ठेवायचं, याचा शोध म्हणजेच वाढ. त्या शोधाला दोन गोष्टी लागतात. एक वेळ, दुसरी घाई न करता ऐकणारी सोबत. टेडेस्कींनी पुढे 'जाणता सोबती' ही कल्पना मांडली, म्हणजे उपाय सांगायची घाई नसलेला, तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकायला तयार असलेला माणूस. तो मानसोपचारतज्ज्ञच असावा लागतो असं नाही. पंचवीस वर्षं नोकरी झालेली इन-चार्ज सिस्टर हे काम उत्तम करू शकते, तिला रजेचे अर्ज आणि स्टॉकचं रजिस्टर यांतून उसंत मिळाली तर.

वेळ आणि सोबत या दोन्ही गोष्टी आपत्कालीन विभाग रचनेनेच हिरावून घेतो. शिफ्ट बदलते, रुग्ण बदलतो, महिन्याने ड्यूटीचा चार्ट बदलतो.

आणखी एक अडसर आहे. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमिटन या तत्त्वज्ञाने परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करताना नैतिक क्लेशाची कल्पना मांडली. काय करणं योग्य आहे हे माहीत आहे, पण व्यवस्था ते करू देत नाही, अशा वेळी होणारा त्रास. हा दुःखापेक्षा वेगळा आहे. रुग्ण वाचला नाही याचं दुःख होतं. ऑक्सिजन वेळेवर आला असता तर वाचला असता, याचा क्लेश होतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला, नळीतला दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. अशा घटनेच्या वेळी खाटेशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरला 'यातून तू काय शिकलीस' असं विचारणं क्रूरपणाचं आहे. तिने शिकायचं नाही, व्यवस्थेने शिकायचं आहे. आणि व्यवस्था शिकली हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय तिच्या मनातली गाठ सुटत नाही.

टोरोंटोत अशीच गाठ पडली होती. मे २००३ मध्ये पहिली लाट संपली असं मानून खबरदारी सैल करण्यात आली. नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयातल्या परिचारिकांना काही रुग्णांची लक्षणं सार्ससारखी दिसत होती. त्यांनी ते वर सांगितलं. त्यांना समजावण्यात आलं की हा सार्स नाही. २३ मेला दुसरी लाट जाहीर झाली, तेव्हा साथ त्या रुग्णालयात पसरलेली होती, आणि तिथल्याच अस्थिरोग वॉर्डातली एक परिचारिका पुढे दगावली. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने परिचारिकांच्या साक्षी घेतल्या आणि जानेवारी २००७ मध्ये आलेल्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की त्यांचं ऐकलं गेलं नाही. पक्का पुरावा हाती येईपर्यंत कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाला वाट पाहायला लावू नये, हा अहवालाचा गाभा होता. आपत्कालीन विभागात तुटलेल्या गोष्टी इथे एका ठिकाणी, तारखांनिशी, शेवटापर्यंत लिहिल्या गेल्या. मी या अहवालाकडे आरोग्य प्रशासनाचा दस्तऐवज म्हणून पाहतो, तसाच मानसिक आरोग्याचा दस्तऐवज म्हणूनही. आपण खरं बोलत होतो हे छापील पानावर वाचायला मिळणं, ही सोबतीचीच एक जात आहे.

आपल्याकडे २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुलं पडली. तो आदर मनापासूनचा होता, आणि कित्येक सिस्टरांना त्या दिवशी रडू आलं ते खोटं नव्हतं. पण 'कोरोना योद्धा' म्हटलं की तक्रार करण्याची सोय जाते. योद्ध्याने मास्क कमी आहेत असं म्हणायचं नसतं, मला झोप लागत नाही असं म्हणायचं नसतं. ज्या सोसायट्यांनी थाळ्या वाजवल्या त्यांतल्याच काहींनी भाड्याने राहणाऱ्या सिस्टरला खोली सोडायला सांगितली, हेही त्याच दिवसांत घडलं. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून परिचारिकांचं वर्ष जाहीर केलं होतं. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर नाइटिंगेलनं आयुष्याचा मोठा काळ आजारपणात, अंथरुणाला खिळून काढला आणि तिथूनच आकडेवारी, अहवाल, पत्रं यांच्या जोरावर लष्करी रुग्णालयं बदलायला लावली. दिवा हातात घेतलेली बाई सगळ्यांना आठवते, खोलीत पडून तक्ते करणारी कुणाला आठवत नाही. वाढीचं तिच्याइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं सुचत नाही, आणि ती वाढ आजारपणासकट होती.

मग पाठीशी कुणीतरी उभं आहे असं सिस्टरला वाटावं यासाठी रुग्णालयाने करायचं काय? एक चूक टाळायला हवी. आघात झाल्यावर लगेच सगळ्यांना खोलीत बसवून, एका बैठकीत मन मोकळं करायला लावण्याची पद्धत ऐंशीच्या दशकापासून फार वापरली गेली. नंतरच्या काटेकोर अभ्यासांच्या आढाव्यात अशा एकवेळच्या सक्तीच्या बैठकीने आघाताचा विकार टळत नाही असं दिसलं, काहींचा त्रास उलट वाढल्याचंही आढळलं. कॉर्पोरेट पद्धतीचं अर्ध्या दिवसाचं 'स्ट्रेस मॅनेजमेंट' शिबिर तर त्याहून पोकळ. रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरला सकाळी दहाला प्रेझेंटेशनसमोर बसवलं जातं आणि हजेरीपत्रकावर सही घेतली जाते.

याउलट एक छोटी गोष्ट एका आपत्कालीन परिचारकानेच शोधली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टल्स हे कॅज्युअल्टीत काम करत. तिथेही आपल्यासारखंच: प्रयत्न थांबवले, मृत्यूची वेळ उच्चारली, की हातमोजे काढून टाकत प्रत्येक जण पुढच्या खाटेकडे वळायचा. बार्टल्स यांनी सर्वांना थोडं थांबायची विनंती करायला सुरुवात केली. हा माणूस कुणाचा तरी होता, त्याच्यावर कुणाचं तरी प्रेम होतं, आणि आपण सर्वांनी त्याच्यासाठी प्रयत्न केले, एवढं बोलायचं आणि मिनिटभर उभं राहायचं. प्रार्थना नाही, भाषण नाही. ज्याचा जो देव असेल तो मनात. ही पद्धत 'पॉज' या नावाने अनेक रुग्णालयांत गेली. तिच्यात मला मोठी वाटणारी गोष्ट अशी, की तिने अर्धवट गोष्टीला तिथल्या तिथे शेवट दिला. त्यासाठी पैसा लागत नाही, मात्र त्या मिनिटात दुसऱ्या खाटेवर कुणीतरी असावं लागतं. मनुष्यबळाचा प्रश्न असा सगळीकडून पुढे येतोच.

दुसरी पद्धत बॉस्टनची. केनेथ श्वार्ट्झ नावाचा वकील फुप्फुसाच्या कर्करोगाने १९९५ मध्ये गेला. आजारपणात परिचारिकांनी दाखवलेली माया त्याला औषधाइतकी मोलाची वाटली होती. त्याच्या नावाने सुरू झालेल्या संस्थेने १९९७ पासून रुग्णालयांत नियमित बैठका सुरू केल्या. त्यांत डॉक्टर, परिचारिका, सफाई कर्मचारी, सगळे एकत्र बसतात आणि उपचार बरोबर होता की चूक याबद्दल न बोलता, ती केस हाताळताना आपल्याला काय वाटलं ते सांगतात. सर्जन म्हणतो की त्या रात्री मी गाडीत बसून रडलो, आणि शेजारच्या सिस्टरला पहिल्यांदा कळतं की आपण एकट्या नव्हतो. नियमितपणा हा या बैठकांचा प्राण आहे. एकदा घेऊन सोडून दिलेली बैठक आधी सांगितलेल्या शिबिराच्याच पंक्तीला जाते. आपल्या रुग्णालयांत सर्जनने मावशींसमोर असं बोलणं सोपं नाही, तरी सुरुवात खालून होऊ शकते. सकाळच्या हँडओव्हरनंतरची पंधरा मिनिटं, आठवड्यातून एकदा, ड्यूटीच्या वेळेतच आणि चार्टवर लिहून. त्यात गेल्या आठवड्यात वर पाठवलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं हे आयसीयूतल्या कुणीतरी येऊन सांगायचं. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला आपला रुग्ण चालत घरी गेला हे कळणं, किंवा गेला असेल तर कसा गेला हे कळणं, ही चैन नव्हे.

आणि नोकरीचा प्रश्न. सार्सच्या वेळी ऑन्टॅरिओतल्या कितीतरी परिचारिका अर्धवेळ किंवा रोजंदारीवर, एकापेक्षा जास्त रुग्णालयांत काम करत होत्या. साथ एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याचा धोका त्यातून उघड झाला, आणि एकीकडेच काम करा असं सांगितल्यावर त्यांचं उत्पन्न बुडालं. पुढे तिथल्या सरकारने शंभरातल्या सत्तर परिचारिका पूर्णवेळ असाव्यात असं लक्ष्य ठेवलं. महाराष्ट्रात कोविडच्या दोन लाटांत हजारो परिचारिका थेट मुलाखतीतून, काही महिन्यांच्या कंत्राटावर घेतल्या गेल्या. जम्बो कोविड केंद्रं त्यांच्या जिवावर चालली. लाट ओसरल्यावर कंत्राटं संपली. त्यांतल्या काही आज आखाती देशांत आहेत, काही छोट्या नर्सिंग होममध्ये निम्म्या पगारावर, काहींनी पेशाच सोडला. वाढीला जी सोबत लागते ती बरोबर ड्यूटी केलेल्यांची, आणि या मुलींची ती सोबत कंत्राटाबरोबरच संपली. बिनखाटेच्या रात्री रांगेतला कुठला रुग्ण आधी आत घ्यायचा, एका सिलिंडरवर किती वेळ काढता येतो, दारातल्या जमावाशी कुणी आणि कसं बोलायचं, हे त्यांनी करून पाहिलेलं आहे, पण ते नोंदवून घेतलं गेलं असं क्वचितच दिसतं. अनेक इन-चार्ज सिस्टरांच्या फोनमध्ये त्या मुलींचे नंबर अजून आहेत, आणि कोविड ड्यूटीचे व्हॉट्सअॅप ग्रुपही. जिल्हा रुग्णालयांनी आणि महापालिकांनी त्यांना मानधन देऊन दोन दिवस बोलवावं, ज्या कॅज्युअल्टीत त्या उभ्या होत्या तिथल्या आताच्या सिस्टरांसोबत बसवावं, आणि त्या जे सांगतील ते, त्यांच्या तक्रारींसकट, लिहून घ्यावं.